विजेवरील मोटारीचा घरगुती चार्जर : स्थिर की सुवाह्य?

विजेवर चालणारी मोटारगाडी ही केवळ आजची नवलाई नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील शहरांतून अशा गाड्या पुष्कळ धावत असत, आणि त्यांच्या मालकांपुढे एक घरगुती अडचण उभी असे. गाडीतील घटमालेस हवा असतो एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे एकदिश, प्रवाह. आणि कित्येक घरांत येणारी वीज मात्र सतत दिशा पालटणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, असे. पीटर कूपर ह्यूइट ह्यांनी १९०२ साली पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह नेऊन प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करणारे उपकरण पुढे आणले. पुढे ही उपकरणे श्रीमंतांच्या मोटारखान्यांत विराजमान झाली. भारतात २००१ साली बंगळूरू येथे ‘रेवा’ ही छोटी विद्युत् मोटार विक्रीस आली, तेव्हा तिला घरातील साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटातून वीज देण्याची सोय होती.

आज अशी गाडी घेणाऱ्या कुटुंबास निवड करावयाची असते ती दोन साधनांतून. एक, भिंतीवर कायमचा बसविलेला स्थिर चार्जर. दुसरा, गाडीच्या सामानकप्प्यात ठेवून कोठेही नेता येणारा सुवाह्य चार्जर. ही निवड बहुधा वेगाच्या दृष्टीने केली जाते. जो लवकर घटमाला भरतो तो चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. विजेचे नियम ध्यानात घेतले असता असे दिसून येते की, घराच्या दृष्टीने वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. मीटरपासून गाडीपर्यंत वीज ज्या मार्गाने जाते तो मार्ग कसा आहे, हा पहिला प्रश्न होय. मार्ग सदोष असेल तर दोन्ही साधने धोक्याची. मार्ग निर्दोष असेल तर अनेक कुटुंबांचे काम साध्या साधनानेही भागते.

खरा चार्जर कोठे असतो?

ज्या वस्तूस व्यवहारात ‘चार्जर’ म्हणतात ती वस्तुतः चार्जर नव्हेच. प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करणारे यंत्र आता मोटारखान्यातून निघून गाडीच्याच पोटात जाऊन बसले आहे. भिंतीवरील पेटी काय किंवा हाती नेण्याची पेटी काय, दोन्ही केवळ सुरक्षितपणे वीज पोचविणारी साधने आहेत. द्वारपालाने पाहुण्याची ओळख पटवून मगच दार उघडावे, तसे त्यांचे काम असते. (महामार्गांवरील मोठ्या जलद केंद्रांची गोष्ट वेगळी. तेथे रूपांतर केंद्रातच होते आणि एकदिश वीज सरळ घटमालेत जाते.)

ही ओळख पटविण्याची रीत मोठी चतुर आहे. गाडी जोडताच पेटी एका बारीक तारेवरून सेकंदास एक हजार स्पंदने पाठविते. प्रत्येक स्पंदनाचा किती भाग ‘चालू’ आहे, यावरून किती प्रवाह घेण्यास परवानगी आहे हे गाडीस कळते. स्पंदनाचा सुमारे एक-षष्ठांश भाग चालू असेल तर १० अँपिअर. एक-चतुर्थांशाहून किंचित अधिक असेल तर १६ अँपिअर. निम्म्याहून थोडा अधिक असेल तर ३२ अँपिअर. गाडी आपल्याकडील रोधाच्या साहाय्याने त्या तारेवरील १२ व्होल्टचा दाब प्रथम ९ व पुढे ६ व्होल्टपर्यंत उतरविते. “जोडणी झाली” आणि “आता वीज द्यावी” अशी तिची ही दोन उत्तरे होत. दुसरे उत्तर मिळाल्यानंतरच पेटीतील स्विच मिटतो. त्यामुळे गाडीस न जोडलेल्या जोडणीदांड्यात वीजच नसते आणि मुलाने त्यास हात लावला तरी धक्का बसत नाही.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. गाडीच्या आतील यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवूनही घटमाला अधिक वेगाने भरणार नाही. नळ कितीही मोठा असला तरी घागरीचे तोंड लहान असेल तर धार त्या तोंडाच्याच बेताने सोडावी लागते. म्हणून स्थिर चार्जरचा विचार करण्यापूर्वी गाडीच्या माहितीपुस्तिकेत तिच्या अंतर्गत चार्जरची शक्ती पाहणे, हे पहिले काम होय.

दोन साधनांतील भेद

भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. सुवाह्य चार्जर गिझर किंवा वातानुकूलकासाठी असलेल्या तीन जाड दांड्यांच्या १६ अँपिअरच्या सॉकेटात बसतो. अशा सॉकेटास पुष्कळ ठिकाणी अजूनही ‘पंधरा अँपिअरचा पॉइंट’ म्हणतात. सॉकेटावर दीर्घकाळ ताण पडू नये म्हणून हा चार्जर बहुधा १० ते १५ अँपिअर प्रवाह घेतो. १३ अँपिअर धरले तर १३ गुणिले २३०, म्हणजे सुमारे ३ किलोवॅट शक्ती मिळते. एकफेजी स्थिर चार्जर ३२ अँपिअरपर्यंत प्रवाह देतो. ही शक्ती ७ किलोवॅटांहून थोडी अधिक भरते. घरी तीन फेजची जोडणी असेल आणि गाडीस ती घेता येत असेल, तर १६ अँपिअरवर ११ किलोवॅट मिळू शकतात.

शक्तीहून महत्त्वाचा भेद जोडणीचा आहे. स्थिर चार्जरमध्ये प्लग व सॉकेट नसतात. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र निघालेली जाड तार थेट त्याच्या आत पक्क्या स्क्रूंनी आवळलेली असते. सुवाह्य चार्जरची मदार मात्र एका प्लगवर व घरातील पूर्वीच्या तारांवर असते. त्याच्या पेटीतील संरक्षक यंत्रणा पेटीपासून गाडीपर्यंतच्या भागावर लक्ष ठेवते. पेटीच्या मागचे सॉकेट आणि भिंतीतील तार यांची स्थिती तिला क्वचितच कळते. काही चांगल्या चार्जरांत प्लगचे तापमान मोजण्याची सोय असते, एवढेच.

एका रात्रीचे गणित

कोणत्या कुटुंबास किती वेग लागतो, हे साध्या अंकगणिताने ठरविता येते. मध्यम आकाराची मोटार घटमालेतील एका युनिटवर, म्हणजे एका किलोवॅट-तासावर, शहरात साधारणपणे ७ किलोमीटर जाते असे धरू. समजा, इंदूरमधील एका कुटुंबाची गाडी कचेरी, शाळा व बाजार मिळून रोज ४२ किलोमीटर धावते. तिला घटमालेतून ६ युनिटे लागतील. रूपांतरात व घटमालेत काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे ध्यानात घेऊन मीटरवर ७ युनिटे धरावीत. सुवाह्य चार्जर ३ किलोवॅटने ती सुमारे २ तास २० मिनिटांत देईल. ७.२ किलोवॅटचा स्थिर चार्जर तेच काम एका तासाच्या आत संपवील. परंतु गाडी रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत उभीच असेल, तर ह्या वाचलेल्या वेळाचा उपयोग कोणास? घटमाला मध्यरात्री भरली काय आणि पहाटे भरली काय, सकाळी निघणाऱ्यास दोन्ही सारखेच.

ह्याच नऊ तासांत सुवाह्य चार्जर मीटरवरून २७ युनिटे घेतो. त्यांपैकी सुमारे २३ घटमालेत पोचतात आणि १६० किलोमीटरांची बेगमी होते. दररोज इतके अंतर चालणारी कौटुंबिक गाडी विरळाच.

याउलट, भाड्याने चालणाऱ्या मोटारीचे गणित पाहावे. ती रोज २०० किलोमीटर धावते आणि चालकाच्या विश्रांतीचे पाचच तास उभी असते. तिला मीटरवर सुमारे ३३ युनिटे हवीत. ३ किलोवॅटने त्यास ११ तास लागतील, ते अशक्य. ७.२ किलोवॅटने ४ तास ३५ मिनिटांत काम होईल. येथे स्थिर चार्जर ही चैन नसून पोटापाण्याची गरज आहे. एका घरी दोन विद्युत् मोटारी असतील, किंवा रात्री पुष्कळ वेळ वीजपुरवठा खंडित होत असेल, तरीही उरलेल्या थोड्या तासांत काम उरकणारा चार्जर हिताचा ठरतो.

उष्णतेचा नियम

जेम्स प्रेस्कॉट जूल ह्यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. १३ अँपिअरऐवजी ३२ अँपिअर वाहू लागले, तर त्याच तारेत सहापट उष्णता निर्माण होते. घरगुती चार्जरसंबंधीची बहुतेक सावधगिरी ह्या एका नियमातून उद्भवते.

गिझरही बराच प्रवाह घेतो, मग गाडीचे एवढे कौतुक कशास, असे विचारले जाते. २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो, परंतु पाणी तापताच पंधरावीस मिनिटांत बंद पडतो आणि तापलेले सॉकेट निवते. घटमाला बरीच रिकामी असेल तर गाडी १३ अँपिअर प्रवाह आठ-दहा तास अखंड घेत राहते. निवण्यास उसंतच मिळत नाही. वापराने सॉकेटातील पितळी पकड सैल झाली आणि तेथे एक-दशांश ओहमएवढा रोध उत्पन्न झाला, तर १३ अँपिअरवर त्या चिमुकल्या जागी सुमारे १७ वॅट उष्णता सतत निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डाग देण्याच्या लहान सळईची शक्ती साधारण एवढीच असते. अशी सळई रात्रभर प्लास्टिकला टेकवून ठेवली असता काय होईल, याची कल्पना कोणासही करता येईल. प्लास्टिक पिवळे पडते, मग काळे होते, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णता अधिकच वाढत जाते.

येथे एक घातक गैरसमज दूर केला पाहिजे. बोर्डावर एम.सी.बी. आहे, तेव्हा धोका झाल्यास तो आपोआप पडेल, असे पुष्कळांस वाटते. एम.सी.बी. पडतो तो प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यावर. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही. झालाच तर किंचित कमी होतो. म्हणून सॉकेट जळू लागले तरी एम.सी.बी. स्वस्थ राहू शकतो. ह्या ठिकाणी मनुष्याचा हात व डोळा हेच संरक्षक होत. पहिल्या काही दिवसांत वीज चालू करून तासाभराने प्लगच्या बाहेरील भागास हात लावून पाहावा. तो कोमट लागल्यास चिंता नाही. हात ठेववत नसेल, वास येत असेल किंवा रंग बदललेला असेल, तर प्रथम गाडीकडून वीज घेणे थांबवावे, नंतर सॉकेटाचा स्विच बंद करावा आणि सॉकेट बदलून घ्यावे.

तारेच्या जाडीचेही तसेच आहे. मीटरपासून गाडीची जागा २० मीटरांवर असेल, तर जाऊनयेऊन ४० मीटर तार लागते. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत १३ अँपिअरवर सुमारे ८२ वॅट वाया जातात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३१ वॅट. वीज वाचते ती निराळीच, परंतु भिंतीतील नळीत कोंडलेली तार थंड राहते हा मोठा लाभ. ३२ अँपिअरच्या स्थिर चार्जरास ६ चौरस मिलिमीटरची, आणि अंतर मोठे असल्यास त्याहूनही जाड, तार लागते. जुन्याच तारेवर असा चार्जर जोडणे म्हणजे संकटास निमंत्रण देणे होय.

जमिनीशी नाते

प्लगातील तिसरी, सर्वांत जाड व लांब दांडी अर्थिंगची. गाडीचा लोखंडी सांगाडा रबरी चाकांवर उभा असतो. त्यात कोठे वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास निर्धोक वाट हवी. ती ही तिसरी तार देते. वाट नसेल, तर ओल्या जमिनीवर उभे राहून गाडीस हात लावणाऱ्याचे शरीर हीच वाट होते. ह्याच कारणास्तव बहुतेक सुवाह्य चार्जर अर्थिंग नसल्यास लाल दिवा लावून काम करण्याचे नाकारतात.

हा लाल दिवा पाहून काही ठिकाणी एक अघोरी युक्ती केली जाते. सॉकेटात न्यूट्रलची व अर्थिंगची जागा तारेच्या तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जर चालू होतो आणि सर्वांचे समाधान होते. प्रत्यक्षात चार्जरची फसवणूक होऊन मनुष्याचा जीव टांगणीस लागलेला असतो. पुढे कधी न्यूट्रलची तार मागील बाजूस तुटली, तर गाडीच्या संपूर्ण सांगाड्यावर २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो. लाल दिवा म्हणजे यंत्रातील दोष नव्हे. घराने वेळीच दिलेली सूचना आहे. तिचे उत्तर एकच, ते म्हणजे परवानाधारक वायरमनकडून खरे अर्थिंग करून घेणे व ते मोजून पाहणे.

अर्थिंगच्या जोडीस गळती ओळखणारा स्विच हवा. बाजारात यास आर.सी.सी.बी. म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअरपर्यंतची तफावत पडताच क्षणार्धात वीज तोडतो. गाडीत एकदिश विजेची यंत्रणा असल्याने हा स्विच निदान ‘ए’ प्रकारचा असावा. चांगल्या स्थिर चार्जरांत एकदिश प्रवाहाची ६ मिलिअँपिअरची गळतीही ओळखण्याची सोय केलेली असते.

नियम व मंजूर भार

केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१९ साली आपल्या सुरक्षाविषयक विनियमांत दुरुस्ती करून वाहने भारित करण्याच्या केंद्रांसाठी काही दंडक घातले. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच असावे. गाडीची जोडणी पुरवठ्याच्या जागेपासून पाच मीटरांच्या आत असावी. जादा लांबीची वायर किंवा अडॅप्टर वापरू नये. ३० मिलिअँपिअरचे गळतीसंरक्षण असावे. घरासही हे दंडक उत्तम मार्गदर्शक आहेत. पावसाळ्यात अंगणात पाणी साचते, तेव्हा ८०० मिलिमीटरांच्या उंचीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर ह्यांतील जवळजवळ प्रत्येक दंडक मोडते.

सामायिक इमारतींत अडचण यंत्राची नसून परवानगीची असते. सोसायटीच्या सामायिक मीटरवरून वीज घ्यावी तर हिशेबाचा वाद उपस्थित होतो. ह्या बाबतीत केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून वाहन भारित करण्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची सोय ग्राहकास दिली. ज्यास गाडीच्या जागेजवळ स्वतःचा मीटर मिळतो, त्याच्या बाबतीत वाद व लोंबती वायर ही दोन्ही संकटे एकदमच टळतात.

घराचा मंजूर भारही तपासला पाहिजे. तो विजेच्या बिलावर छापलेला असतो. ३ किलोवॅट मंजूर भाराच्या घरात ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवावयाचा, तर वितरण कंपनीकडे अर्ज करून भार वाढवून घेणे आवश्यक आहे. सुवाह्य चार्जरही वातानुकूलक व गिझर यांच्या जोडीस चालला तर भार ओलांडला जातोच. अशा वेळी चार्जरचा प्रवाह कमी करून, किंवा घर निजल्यावर तो चालू होईल अशी वेळ लावून, काम भागविता येते.

निवड कशी करावी?

तेव्हा निवड करणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र, जाड व नीट अर्थिंग केलेली तार आहे काय? रोज किती किलोमीटर जावयाचे असते व गाडी घरी किती तास उभी असते? गाडीच्या आतील चार्जर किती किलोवॅटचा आहे?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसा प्रथम तारेवर खर्चावा, यंत्रावर नव्हे. ही तार घालताना ती भविष्यातील स्थिर चार्जरास पुरेल एवढी जाड घालणे शहाणपणाचे. भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. रोजचे अंतर शंभर किलोमीटरांच्या आत असेल व रात्र मोकळी असेल, तर त्या स्वतंत्र तारेवर उत्तम प्रतीचे १६ अँपिअरचे सॉकेट बसवून सुवाह्य चार्जरने सुखेनैव काम चालते. पेटीचे वजन प्लगवर पडू नये म्हणून ती भिंतीवरील खुंटीस टांगावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास, वारंवार बदली होणाऱ्यास आणि सुट्टीत गावी गाडी नेणाऱ्यास हाच चार्जर सोयीचा. मात्र गावच्या घरी तो लावण्यापूर्वी तेथील सॉकेट व अर्थिंग यांची परीक्षा नव्याने केली पाहिजे. गाडी जास्त धावत असेल, वेळ थोडा असेल, गाड्या दोन असतील, किंवा रोज उघड्यावर प्लग लावणे-काढणे नको असेल, तर घर स्वतःचे असल्यास स्थिर चार्जर घ्यावा. त्याचा मोठा गुण वेगात नसून, त्यात सैल होणारे सॉकेटच नसते, ह्यात आहे. स्थिर चार्जर घेतल्यानंतरही सुवाह्य चार्जर प्रवासात उपयोगी पडतोच.

विजेची मोटार घरी आली म्हणजे घरातील सर्वांत मोठे विद्युत् उपकरण अंगणात येऊन उभे राहते. रात्री सर्वजण निजलेले असताना ते एकटे काम करीत असते. त्याच्यापर्यंत जाणारी तार जाड, सांधे घट्ट आणि जमिनीशी असलेले नाते खरे असेल, तर चार्जर कोणताही असो, घरातल्यांस निश्चिंतपणे झोप घेता येते.